योक्नापटॉफा काउंटी

योक्नापटॉफा काउंटी : विल्यम फॉक्नर (१८९७–१९६२) ह्या अमेरिकन कादंबरीकाराने आपल्या बहुतेक कथात्म लेखनासाठी निर्मिलेला, मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातील काल्पनिक परगणा. जेफरसन हे त्याचे मुख्य ठिकाण. फॉक्नरच्या १९ कादंबऱ्यांपैकी १४ ह्या परगण्यात घडतात. मात्र द अनव्हँक्विश्ड (१९३८) आणि गो डाउन, मोझेस (१९४२) ह्या कथामालिकांना कादंबरी म्हणावे की कथासंग्रह, ह्यावर हा आकडा खालीवर होतो. ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) व इतर अनेक कथांची पार्श्वभूमीही हीच आहे. फॉक्नर जेथे वाढला ते ऑक्सफर्ड गाव व त्याभोवतालची लाफायेट काउंटी ह्यांवरून हा परगणा बेतलेला आहे, ह्याबद्दल दुमत नाही. तरी जेफरसन म्हणजे ऑक्सफर्डच, असे समीकरण मांडता येत नाही. ऑक्सफर्डला विद्यापीठ आहे, जेफरसनला नाही. शिवाय कादंबऱ्यांत ऑक्सफर्ड हे वेगळे गाव म्हणून येतेच.

नावाची व्युत्पत्ती : ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडून योकोना नावाची नदी वाहते. स्थानिक लोक तिचा उच्चार ‘योकना’ असा आखडून करतात. योक्नापटॉफा हे तिचेच जुने, लांब नाव असून जुन्या नकाशांत ते निरनिराळ्या वर्णलेखनांनी आढळते. म्हणजे नाव फॉक्नरने रचलेले नाही, उचललेले आहे. वाद आहे तो अर्थाविषयी. व्हर्जिनिया विद्यापीठात निवासी लेखक असताना (१९५७–५८) विद्यार्थ्यांशी बोलताना त्याने ते मूळ चिकसॉ (त्या मुलखातील मूळ रहिवासी जमातीच्या भाषेतले) असल्याचे सांगून ‘सपाट जमिनीतून संथ वाहणारे पाणी’ असा अर्थ दिला. हा अर्थ पुष्कळ ग्रंथांत जसाच्या तसा उतरला आहे. चिकसॉ व चॉक्टॉ ह्या मस्कोगी कुलातील अगदी जवळच्या भाषा. चॉक्टॉ कोशाच्या आधारे काही अभ्यासक ‘याकनी’ (भूमी) आणि ‘पटाफा’ (फाडणे, नांगरून उकलणे) अशी फोड करतात. त्यानुसार अर्थ होतो ‘दुभंगलेली’ किंवा ‘नांगरलेली भूमी’. पाण्याला ह्या भाषांत ‘ओका’ म्हणतात आणि वरील फोडीत तो शब्द येत नाही, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फॉक्नर भाषाशास्त्रज्ञ नव्हता. त्याने ऐकीव अर्थ सांगितला असणे शक्य आहे. दुभंगलेली भूमी हा अर्थ कादंबऱ्यांच्या आशयाला फारच चपखल बसतो, म्हणून काही समीक्षक तो लेखकाला अभिप्रेत होता असे मानतात. त्याला आधार तुटपुंजा आहे.

प्रारंभ : न्यू ऑर्लीन्समध्ये १९२५ च्या सुमारास शेरवुड अँडरसन ह्या अमेरिकन कथाकाराने फॉक्नरला मिसिसिपीतल्या आपल्या चिमूटभर मुलखावर लिहिण्याचा सल्ला दिला, असे फॉक्नरनेच नंतर सांगितले आहे. द मॅन्शन (१९५९) ह्या आपल्या कादंबरीच्या प्रास्ताविक टिपणातही तो आरंभाचे वर्ष १९२५ देतो. उपलब्ध हस्तलिखितांवरून मात्र प्रत्यक्ष लेखन १९२६-२७ पासूनचे दिसते. फ्लॅग्ज इन द डस्ट ही ह्या परगण्यावरची पहिली कादंबरी १९२७ मध्ये पूर्ण झाली. प्रकाशकाने ती नाकारली आणि बरीच काटछाट होऊन ती सार्टोरिस (१९२९) ह्या नावाने निघाली. मूळ संहिता १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत परगण्याचे नाव ‘योकोना’ आहे. पूर्ण नाव प्रथम ॲज आय ले डाइंगमध्ये (१९३०) येते. आधी माणसे, मग नाव, मग नकाशा असा हा क्रम आहे. सारे आधीच आखून ठेवले होते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

नकाशा : ॲब्सलम, ॲब्सलम! (१९३६) ह्या कादंबरीला फॉक्नरने स्वतः काढलेला नकाशा जोडला आहे. त्यावर क्षेत्रफळ २,४०० चौ. मैल, लोकसंख्या ६,२९८ गोरे व ९,३१३ निग्रो (त्याचाच शब्द), आणि खाली ‘एकमेव मालक विल्यम फॉक्नर’ अशी नोंद आहे. क्षेत्रफळ खऱ्या लाफायेट काउंटीच्या तिपटीहून अधिक भरते. उत्तरेला टॅलहॅची व दक्षिणेला योक्नापटॉफा ह्या सीमेवरच्या नद्या. ठिकाणांशी घटनाही लिहिल्या आहेत : ॲज आय ले डाइंगमधील ॲन्स बंड्रन व त्याची मुले त्याच्या पत्नीचे, ॲडीचे, शव घेऊन ओलांडू शकली नाहीत तो वाहून गेलेला पूल, चौकातले, बेंजीला नेहमी डाव्या हाताला ठेवून जावे लागणारे कॉन्फेडरेट (यादवी युद्धातील दक्षिणेच्या बाजूचे) स्मारक. मतिमंद बेंजीची बग्गी एकदा स्मारकाच्या भलत्या बाजूने वळते आणि तो हंबरडा फोडतो, हा द साउंड अँड द फ्यूरीचा (१९२९) शेवट ज्याने वाचला आहे त्यालाच ही नोंद कळते.

विसंगती : चिकसॉंकडून जमीन गेल्यापासून (१८३० चे दशक) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ ह्या लेखनात येतो. सार्टोरिस, कॉम्पसन, सट्पेन, मॅकॅस्लिन ही जमीनदार घराणी, मॅकॅस्लिनांशीच रक्ताचे नाते असलेले कृष्णवर्णीय बोशँप, आणि खालून वर सरकणारे स्नोप्स ह्यांच्या कथा एकमेकींत अडकल्या आहेत. कर्नल सार्टोरिस हे पात्र फॉक्नरच्या पणजोबांवर, रेल्वे बांधणाऱ्या आणि १८८९ मध्ये जुन्या भागीदाराच्या गोळीला बळी पडलेल्या कर्नल विल्यम क्लार्क फॉक्नरवर बेतले आहे.

ही सर्व पुस्तके म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेची एकच सलग आख्यायिका होय, हे मत माल्कम कौली ह्या समीक्षकाने १९४६ च्या निवडक संकलनातून रूढ केले. बाजारातून जवळजवळ नाहीशी झालेली फॉक्नरची पुस्तके त्यानंतर पुन्हा वाचली जाऊ लागली; १९४९ चे नोबेल पारितोषिक (प्रदान १९५०) त्यापाठोपाठचे. पण त्याच संकलनासाठी लिहिलेल्या कॉम्पसन घराण्याच्या परिशिष्टाने सलगतेला तडाही दिला. मूळ कादंबरीत, म्हणजे द साउंड अँड द फ्यूरीत, क्वेंटिन ही मुलगी झाडावरून उतरून पळते, परिशिष्टात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळावरून. चोरीला गेलेले ३,००० डॉलर सुमारे ७,००० होतात. कौलीने हे दाखवून दिले, फॉक्नरने फारसे मनावर घेतले नाही. द मॅन्शनच्या टिपणात तो म्हणतो की वाचकाला सापडतील त्यापेक्षा अधिक विसंगती त्यालाच सापडल्या आहेत. आणि चौतीस वर्षांनंतर ही पात्रे त्याला पूर्वीपेक्षा अधिक कळतात.