पॅनफिशसाठी हलक्या स्पिनिंग काठीवरील दोरा

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात गळाने पकडल्या जाणाऱ्या आणि तव्यात अख्ख्या मावतील एवढ्या माशांना मिळून पॅनफिश म्हणतात. प्राणिशास्त्रात या नावाचा गट नाही. नाव तव्यावरून पडले. ब्लूगिल (लेपोमिस मॅक्रोकायरस), पम्पकिनसीड (लेपोमिस गिबोसस), रेडइअर सनफिश (लेपोमिस मायक्रोलोफस), काळा व पांढरा क्रॅपी (पोमोक्सिस प्रजाती) आणि पिवळा पर्च (पर्का फ्लॅव्हेसेन्स) हे त्यांतले नेहमीचे मासे. त्यांच्यासाठी साधारण ५ ते ७ फुटांची, ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’ वर्गातली स्पिनिंग काठी वापरतात. तिच्यावर ५०० किंवा १००० क्रमांकाचे छोटे रील बसते. आमिष १/६४ ते १/८ औंसाचे, म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅमपासून साडेतीन ग्रॅमपर्यंत असते. अशा जोडणीवर बहुधा २ ते ६ पौंड ताकदीचा दोरा चढवतात आणि त्यातही ४ पौंडी दोरा सर्वाधिक चालतो.

४ पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो. हा आकडा पाहून नवख्याला वाटते की दोरा माशाच्या वजनावरून ठरवायचा. प्रत्यक्षात माशाचे वजन इथे जवळजवळ गैरलागू आहे. ब्लूगिलचा जागतिक विक्रम ४ पौंड १२ औंसांचा आहे आणि तो अलाबामातील केटोना तलावात १९५० साली नोंदला गेला. रोजच्या गळाला लागणारे ब्लूगिल बहुतेक अर्ध्या पौंडाच्या आतले असतात. ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा सुटू देणारा रीलचा ब्रेक, नीट लावलेला असेल, तर २ पौंडी दोऱ्यालाही ते जड जात नाहीत. दोरा तुटतो तो बुडालेल्या फांदीत किंवा लिलीच्या देठांत अडकून, दगडावर घासून, नाहीतर त्याच आमिषावर झडप घालणाऱ्या मोठ्या बास माशामुळे. म्हणून ताकदीचा विचार पाण्यातल्या अडथळ्यांपुरता करावा आणि बाकी सगळी निवड आमिषाच्या वजनावर सोडावी. अर्ध्या ग्रॅमचे जिग (गळाच्या डोक्यालाच वजन असलेले आमिष) आपल्यामागे किती जाड दोरा ओढून नेऊ शकेल, हा यातला खरा प्रश्न आहे.

जाडी आणि ताठरपणा

एकाच पदार्थाच्या दोऱ्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते. जाडी दुप्पट झाली तर ताकद चौपट. ताठरपणा मात्र जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर दोरा सोळापट ताठ होतो. २ पौंडी नायलॉन साधारण ०.१३ मिलिमीटर जाड असते, ४ पौंडी ०.१८ ते ०.२० आणि ६ पौंडी ०.२३ च्या आसपास. कागदावर फरक केसाएवढा दिसतो, पण ०.१३ वरून ०.२३ वर गेल्यावर ताठरपणा जवळजवळ दहापट होतो. छोट्या रीलच्या अरुंद स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीवर, असा दोरा वेटोळ्यांची सवय धरतो. फेकताना ती वेटोळी काठीच्या कड्यांवर आपटत जातात आणि हलके आमिष अर्ध्या वाटेतच दम सोडते. आमिष पाण्यात पडल्यावरही जाड दोरा पाण्याला अडतो. त्यामुळे ते सरळ खाली न उतरता काठाकडे झुलत येते आणि ज्या खोलीवर मासे थांबले आहेत तिथे पोचतच नाही.

वेष्टनावर मोठ्या अक्षरांत पौंड छापलेले असतात आणि बारीक अक्षरांत जाडी. वाचायची ती बारीक अक्षरे. पौंडांचा आकडा फसवा असतो, कारण ‘टेस्ट’ म्हणून विकला जाणारा दोरा छापलेल्या वजनापेक्षा बराच अधिक भार सोसू शकतो, आणि तशी ताकद बहुधा जाडी वाढवूनच आणलेली असते. ‘क्लास’ म्हणून विकला जाणारा दोरा याच्या उलट असतो. तो छापलेल्या भाराला किंवा त्याआधी तुटलाच पाहिजे, कारण इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था दोऱ्याच्या ताकदीनुसार वेगवेगळे विक्रम नोंदवते. दोन कंपन्यांच्या ४ पौंडी दोऱ्यांची तुलना करायची तर पौंड झाकून मिलिमीटर पाहावेत. जपानी दोऱ्यांवर ‘गो’ हे माप असते. १ गो म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, आणि जाडी गोच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४ गो म्हणजे ०.३३ मिलिमीटर. जाडीला धरून चालणारे हे माप या कामाला पौंडांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

नायलॉन

एकतंतू नायलॉन म्हणजे मराठीतला तंगूस. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले आणि काही वर्षांतच त्याचा गळाचा दोरा बाजारात आला. आजही पॅनफिशच्या हलक्या रीलवर पहिला दोरा चढवायचा तर तो हाच असावा. तो मऊ असतो, गाठ चटकन धरतो, स्वस्त मिळतो आणि ताणला जातो. हा ताण दोष म्हणून सांगण्याची पद्धत आहे, पण क्रॅपीच्या बाबतीत तोच गुण ठरतो. क्रॅपीच्या जबड्याभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की त्याला ‘पेपरमाउथ’ असे टोपणनाव पडले आहे. काठीला जोराचा हिसका दिला की पडद्याला भोक पडते आणि मासा सुटतो. नायलॉन तो हिसका अर्धाअधिक स्वतःत जिरवते.

नायलॉनची उणी बाजू पाण्याशी संबंधित आहे. ते पाणी शोषते, आणि ओले झाल्यावर त्याची ताकद काहीशी घटते व ताण वाढतो. ऊन त्याला कमजोर करते. रीलवर महिनोन्महिने पडून राहिलेला दोरा कमानीसारखा वळतो. वेष्टनावर ‘कोपॉलिमर’ लिहिलेले असेल तर तो एकाहून अधिक प्रकारच्या नायलॉनांपासून बनवलेला दोरा असतो. वेटोळी कमी धरावीत आणि घासणे अधिक सोसावे, असा त्यामागचा हेतू असतो. काही दोऱ्यांत तो साधतो, काहींत फक्त वेष्टन बदलते.

फ्लुओरोकार्बन

हा दोरा पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइडचा असतो. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये तो मासेमारीसाठी आणला. त्याची ख्याती अदृश्यतेची आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणजे तो पाण्यात नायलॉनपेक्षा कमी चमकतो, पण नाहीसा होत नाही. ०.१५ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यात हा फरक ब्लूगिलला कितपत जाणवत असेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. त्याचे खरे उपयोग दोन. त्याची घनता सुमारे १.७८ आहे, नायलॉनची १.१४. त्यामुळे तो बुडतो आणि छोट्या जिगला तळाकडे नेण्यात मदत करतो. शिवाय तो पाणी शोषत नाही आणि घासण्यालाही चांगला टिकतो. तळाशी गोगलगायी शोधत फिरणाऱ्या रेडइअरसाठी ही जोडी कामाची आहे.

तोच जडपणा बोया लावून मासेमारी करताना आड येतो. रीलपासून बोयापर्यंतचा दोरा बुडाला की बोया तिरका ओढला जातो, आणि मासा लागल्यावर आधी तो बुडालेला फुगवटा सरळ करण्यातच वेळ जातो. बोयाच्या खालचा हातभर तुकडा फ्लुओरोकार्बनचा आणि वरचा सगळा नायलॉनचा, ही वाटणी चांगली जमते. मुख्य दोरा म्हणून फ्लुओरोकार्बन घ्यायचाच असेल तर ४ पौंडांच्या वर जाऊ नये. त्याहून जाड दोरा छोट्या स्पूलवरून स्प्रिंगसारखा उसळतो.

विणलेला दोरा

अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे तंतू विणून किंवा वितळवून एकत्र चिकटवून हा दोरा करतात. जाडी वाढली की ताठरपणा बेसुमार वाढतो, हा वर सांगितलेला नियम इथे मोडतो, कारण शेकडो तंतू सुटेसुटे वाकतात. म्हणूनच १० पौंडी विणलेला दोरा २ पौंडी नायलॉनएवढ्या जाडीत मिळतो आणि तरीही वेटोळी धरत नाही. ताण जवळजवळ नसल्यामुळे ६-७ मीटर खोल पाण्यातल्या पर्चने आमिषाला नुसते ओठ लावले तरी काठीच्या मुठीत कळते.

एवढे सगळे असूनही पॅनफिशच्या काठीवर त्याला निर्विवाद पहिला मान देता येत नाही. त्याची घनता सुमारे ०.९७, म्हणजे तो तरंगतो. वाऱ्याच्या दिवशी अर्ध्या ग्रॅमच्या जिगमागे त्याची कमान पसरते आणि जी संवेदना मिळावी म्हणून तो घेतला तीच हरवते. सैल पडलेल्या दोऱ्याची मोकळी वेटोळी एकमेकांत अडकून गुंता होतो, आणि ०.१ मिलिमीटरचा गुंता सोडवण्यापेक्षा कापलेला बरा. न ताणल्यामुळे क्रॅपीच्या पातळ ओठाला तो क्षमा करत नाही; तेव्हा ड्रॅग सैल आणि काठी मऊ ठेवावी लागते. तो अपारदर्शक असल्याने टोकाला ३ ते ६ फूट नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे पुढचा तुकडा, जोडतात. स्पूलवर थेट गुंडाळला तर ड्रॅगच्या ताणाखाली तो आख्खाच्या आख्खा घसरून फिरू शकतो, म्हणून खाली नायलॉनचे काही फेरे आधी द्यावेत.

पीळ

१९०५ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर स्पूलच्या रीलचे पेटंट घेतले, ते मुळात हलकी आमिषे फेकता यावीत म्हणून. स्पूल फिरत नाही, दोरा तिच्या काठावरून सुटत जातो, म्हणून अर्ध्या ग्रॅमचे आमिषही दूर जाते. याची किंमत म्हणजे पीळ. फेकताना दोऱ्यात पडलेला पीळ गुंडाळताना बहुतांशी उलगडतो. पण मासा ड्रॅग ओढत असताना कोणी घाबरून मूठ फिरवतच राहिला, तर ५:१ गिअरच्या रीलवर मुठीच्या प्रत्येक फेऱ्याला पाच पीळ दोऱ्यात शिरतात आणि ते आपोआप जात नाहीत. दोरा खराब निघाला म्हणून होणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळ इथून येतात. मासा ओढत असेल तेव्हा मूठ थांबवावी. फिरणारी पाती असलेले छोटे स्पिनर आमिष वापरताना पुढे बारीक फिरती कडी लावावी. फेकल्यावर बेल (दोरा स्पूलवर वळवणारी तारेची कमान) मूठ फिरवून बंद न करता हाताने पाडावी, म्हणजे सैल वेटोळे स्पूलवर बसत नाही.

नवा दोरा चढवताना त्याचे भेंडोळे जमिनीवर आडवे ठेवावे, दोरा दोन बोटांच्या चिमटीत धरून पंधरा-वीस फेरे द्यावेत आणि हात ढिला सोडून पाहावा. दोरा स्वतःभोवती वळू लागला तर भेंडोळे उलटे करावे. स्पूल काठापासून सुमारे ३ मिलिमीटर खाली राहील इतकी भरावी. कमी भरली तर दोरा काठाला घासत सुटतो आणि आमिष जवळच पडते. जास्त भरली तर वेटोळी एकदम गळून पडतात. हलक्या आमिषांच्या बाबतीत अर्धी रिकामी स्पूल हे चुकीच्या दोऱ्याइतकेच मोठे कारण असते, हे ध्यानात यायला बहुतेकांना एखाददुसरा हंगाम लागतो.

रंग, गाठ आणि ड्रॅग

क्रॅपी पुष्कळदा खालून वर येत आमिष घेतो. त्या वेळी काठीला झटका बसत नाही. ताणलेला दोरा नुसता सैल पडतो. हे हाताला कळत नाही, डोळ्याला कळते. त्यामुळे क्रॅपीच्या मागे लागणारे बरेच जण पिवळा किंवा चमकदार हिरवा दोरा मुद्दाम घेतात. स्वच्छ पाण्यात ज्याला तो रंग खटकतो तो टोकाला पारदर्शक लीडर बांधतो.

बारीक दोऱ्यात गाठ हा सर्वांत कच्चा भाग. आवळण्याआधी ती ओली करावी. फ्लुओरोकार्बन कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने विशेष कमजोर होतो. नायलॉनला सुधारित क्लिंच गाठ पुरते, विणलेला दोरा तीत घसरू शकतो म्हणून त्याला पालोमार बांधतात, आणि मुख्य दोरा लीडरला जोडायला दुहेरी युनी. छोटे जिग घट्ट गाठीत ताठ लटकते, तेच सैल फासाच्या गाठीत मोकळे डुलते. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात. ४ पौंडी दोऱ्याला एक पौंडाच्या थोडे वर.

पाण्यानुसार निवड

मोकळ्या, नितळ पाण्यात १/६४ किंवा १/३२ औंसाच्या जिगला २ पौंडी नायलॉन शोभते, पण ते हाताळायला सवय लागते. बुडालेल्या झाडोऱ्यातल्या क्रॅपीसाठी ६ पौंडी घ्यावे. त्यामागे मासा नसतो, फांदी असते: बारीक तारेचा गळ जोर लावल्यावर सरळ होऊन सुटून येतो आणि आमिष वाचते. ज्या पाण्यात पाइक किंवा पिकरेल आहेत तिथे त्यांच्या दातांपुढे यांतला कुठलाच दोरा टिकत नाही, त्यामुळे जाडी वाढवून काही साधत नाही. गोठलेल्या तलावावर विणलेला दोरा तंतूंमध्ये पाणी धरून ठेवतो आणि त्याचा बर्फ होऊन कड्या बुजतात. तिथे थंडीत मऊ राहणारे बारीक नायलॉन बरे.

दिवसभरात अधूनमधून शेवटचा हातभर दोरा नखावरून ओढून पाहतात. खरखर लागली की तेवढा कापून गाठ नव्याने बांधतात. नायलॉन हंगामाला एकदा बदलावे. विणलेला दोरा काही वर्षे टिकतो, आणि त्याचे वापरलेले टोक झिजले तर तो स्पूलवर उलटा चढवून न वापरलेली बाजू पुढे घेता येते. कापलेले तुकडे पाण्यात टाकू नयेत. तंगूस कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो, म्हणून ते बोटभर तुकडे करून झाकणाच्या डबीत परत आणतात.