थिनर पचवणारे जीन्स, तेही एका सुट्या कड्यावर

रंगाच्या दुकानात थिनरचा डबा उघडला की जो उग्र वास डोक्यात जातो ना, त्यात बऱ्याचदा टोल्युइन असतं. सहा कार्बनचं एक कडं आणि त्याला लटकलेला एक जास्तीचा कार्बन, बस एवढंच. पण ते कडं भारी चिवट असतं. आणि तरीही मातीत राहणारा एक बॅक्टेरिया हेच खाऊन मजेत जगतो! स्युडोमोनास पुटिडा त्याचं नाव, आणि त्याचा एमटी-२ हा प्रकार जपानमध्ये मातीतून मिळालेला.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे टोल्युइन पचवायचे जीन्स त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नाहीतच, ते एका वेगळ्या, सुट्या डीएनएच्या कड्यावर आहेत, त्याला टॉल प्लाझ्मिड म्हणतात, साधारण १ लाख १७ हजार अक्षरांचं. हे कळलं कसं तेही ऐका. १९७४ मध्ये वेल्समधल्या बँगोरला विल्यम्स आणि मरे या संशोधकांनी हे बॅक्टेरिया बेन्झोएटवर वाढवले (सॉसच्या बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेन्झोएट लिहिलेलं असतं, तेच), तर काही पिढ्यांनी त्यांची टोल्युइनसारखी केमिकल्स खायची ताकदच गेली आणि ती परत काही येईना. कारण बेन्झोएट पचवायचा एक रस्ता गुणसूत्रावर आधीच आहे आणि तो जास्त फास्ट आहे, मग ज्यांनी प्लाझ्मिड टाकून दिलं ते भराभर वाढले आणि बाकीचे मागे पडले.

प्लाझ्मिडवरचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी त्या लटकलेल्या कार्बनला ऑक्सिजन जोडत जोडत टोल्युइनचं बेन्झोएट होतं (मध्ये बेन्झाल्डिहाईड लागतं, बदामाच्या इसेन्सचा वास असतो ना, ते), मग बेन्झोएटचं कॅटेकोल, आणि मग खरा घाव, एक्सवायएलई या जीनपासून बनणारं लोहवालं एन्झाईम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन) हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू वापरून कडं फोडतं. पण हे सगळे जीन्स कायम चालू नसतात बरं का, एक्सवायएलआर नावाचं प्रोटीन पहारा देतं आणि टोल्युइन येऊन त्याला चिकटलं की मगच पहिल्या टप्प्याचं काम सुरू होतं.

शिवाय हे प्लाझ्मिड एका बॅक्टेरियातून शेजारच्यात जातं, नवीन कॉपी बनवून. असलीच वेगवेगळी प्लाझ्मिड्स एकाच बॅक्टेरियात जमवून शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी तेल खाणारा जीव तयार केला आणि त्याच्या पेटंटसाठी १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ अशी केस जिंकली.

आणि ते कार्बनचं कडं फुटताना डोळ्यांनी दिसतं हो! प्लेटवर बॅक्टेरियांच्या पांढुरक्या कॉलनी असतात, त्यांवर कॅटेकोलचं पाण्यासारखं द्रावण फवारायचं, आणि ज्यांच्यात ते एन्झाईम आहे त्या बघता बघता हळदीसारख्या पिवळ्याधम्मक होतात.