पवित्रतेचा आठवड्याचा हिशेब

मेथडिस्ट म्हणजे जॉन वेस्लीने इंग्लंडमध्ये उभी केलेली ख्रिस्ती चळवळ. त्यांचे साप्ताहिक वर्ग पवित्रतेसाठी नव्हे, तर कर्जफेडीसाठी निघाले. ब्रिस्टलच्या ‘न्यू रूम’ या सभागृहाचे देणे थकले होते. 15 फेब्रुवारी 1742 च्या बैठकीत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरू लागले. गरिबांना तेवढेही झेपणार नाही, अशी हरकत निघाली. त्यावर कॅप्टन फॉय म्हणाला, अकरा गरीब माझ्याकडे सोपवा. त्यांना जमले नाही तर त्यांची पेनी मी भरीन. बारा-बाराचे गट पडले. पुढारी पेनी मागायला घरोघर जाऊ लागले आणि कोण पिऊन पडतो, कोणाच्या घरात भांडणे आहेत, ते उघडे पडू लागले. प्रत्येकाच्या वागण्यावर नजर ठेवणे वेस्लीला हवेच होते, ते असे आयते हाती आले. पण नोकरी करणाऱ्यांच्या घरी मालकांची अडचण, एकांतही नाही. म्हणून पुढे सगळ्या गटाने एकाच ठिकाणी जमायचे ठरले.

वेस्लीला ही गरज का भासत होती? ऑक्सफर्डात 1730 च्या दशकात तो आणि त्याचे सोबती बुधवारी-शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास करत, तुरुंगात कैद्यांना भेटत. शिस्त कडक, पण तारणाची खात्री नाही. ती त्याला 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत मिळाली. विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो, हे त्याला तिथे पटले. लगेच दुसरे टोक समोर आले. लंडनच्या फेटर लेनमधल्या ज्या मंडळीत तो जात असे, तिथे काहीजण शिकवू लागले, की पूर्ण विश्वास येईपर्यंत प्रभुभोजन, प्रार्थना, शास्त्रवाचन सगळे थांबवून स्वस्थ बसावे. 1740 मध्ये वेस्ली तिथून बाहेर पडला.

म्हणून मेथडिस्टांच्या 1743 च्या नियमावलीत प्रवेशाची अट सैल आणि राहण्याची अट घट्ट आहे. येणाऱ्याला फक्त पापांपासून सुटण्याची इच्छा हवी. ती इच्छा मात्र तीन गोष्टींत दिसली पाहिजे: वाईट टाळणे, जमेल तितके भले करणे, आणि उपासना, प्रभुभोजन, शास्त्रवाचन, उपास न चुकवणे. वर्गाहून आतला गट म्हणजे ‘बँड’. त्यात पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित-अविवाहितही वेगळे. आधार याकोबाच्या पत्रातल्या ‘एकमेकांजवळ पातके कबूल करा’ या आज्ञेचा. दर आठवड्याचे प्रश्न ठरलेले होते: मागच्या भेटीनंतर कोणते पाप जाणूनबुजून केले? कोणते मोह आले? सुटका कशी झाली? पाप आहे की नाही अशी शंका वाटते, असे काय केले?

दर तिमाहीला तपासणी होई आणि सदस्यत्वाचे तिकीट नवे मिळे. ज्याला ते मिळाले नाही, तो बाहेर. मार्च 1743 मध्ये न्यूकॅसलला 64 जणांना काढले. त्यांत 17 दारुडे, बायकोला मारणारा 1, आळशी 1. सर्वांत मोठा आकडा 29 चा, आणि त्यांचा दोष होता नुसता थिल्लरपणा व बेफिकिरी! कडक म्हणावे असेच हे होते.

याच जन्मात माणूस देवाच्या प्रीतीने पूर्ण भरू शकतो, ही वेस्लीची ‘परिपूर्ण प्रीती’ची शिकवण मात्र हाताबाहेर जाऊ शकत होती. लंडनच्या जॉर्ज बेलने आपण पापरहित झाल्याचा दावा केला, मग 28 फेब्रुवारी 1763 ला जगाचा अंत होणार असे सांगितले. वेस्लीने त्याचे जाहीर खंडन केले, तरी ‘पवित्रीकरण’ (पवित्र होत जाणे) या शब्दाला डाग लागायचा तो लागलाच.

एकोणिसाव्या शतकात वर्गांचा जीव गेला. साक्षी, म्हणजे आपल्या विश्वासाचे अनुभव सांगणे, पाठ केल्यासारख्या होऊ लागल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेथडिस्ट मंडळीने 1866 मध्ये वर्गाची हजेरी ऐच्छिक केली. पवित्रतेची भूक मोठ्या सभांकडे वळली. त्यांतली इंग्लंडमधली केझिकची सभा 1875 ला सुरू झाली. तिथे आठवड्याचा क्रम ठरून गेला: आधी पापाची जाणीव, मग शुद्धी, समर्पण, आत्म्याची परिपूर्णता, शेवटी सेवा. पाप मुळासकट उपटले जाते असे केझिक म्हणत नसे; पवित्र आत्मा त्याच्या ओढीवर मात करतो, एवढेच.

1898 मध्ये पंडिता रमाबाई केझिकला गेल्या. 1883 च्या बाप्तिस्म्यानंतर बराच काळ आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. ऑक्सफर्डचा वेस्ली आठवावा अशीच ती अवस्था. जानेवारी 1905 पासून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोज प्रार्थनेचे गट भरू लागले आणि जूनअखेर मुली रडून, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या. तिथल्या मेथडिस्ट मिशनरी मिनी अब्राम्स यांनी यावर पुस्तिका लिहून चिलीतल्या मैत्रिणीला धाडली. तिचा नवरा विलिस हूव्हर वाल्परैसोच्या मेथडिस्ट मंडळीचा पाळक होता. 1909 मध्ये तिथेही तेच घडले, आणि 1910 मध्ये त्याच्यावर मेथडिस्टविरोधी शिकवण पसरवल्याचा आरोप ठेवला गेला.