औटकी

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मराठीत साडेतीन या संख्येला ‘औट’ असा स्वतंत्र शब्द होता आणि त्याच्यावरून या पाढ्याला हे नाव पडले. पंतोजींच्या शाळेत, तसेच घरोघरी दिवेलागणीनंतर म्हटल्या जाणाऱ्या परवच्यात, पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुलांकडून पाठ करून घेत. यांपैकी बाकीच्या पाढ्यांमागचे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत. औट मात्र एकदोन वाक्प्रचारांपुरता उरला असून तो इंग्रजी ‘आउट’वरून आला असावा, असाही समज अधूनमधून आढळतो. त्या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही.

औटाचे मूळ संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ या शब्दात आहे. ज्यातला चौथा अर्धाच आहे, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा, असा त्याचा अर्थ. प्राकृतात त्याचे ‘अद्धुट्ठ’ झाले आणि तेच झिजत मराठीत औट म्हणून स्थिरावले. अडीच हा शब्द याच रीतीने ‘अर्धतृतीय’ म्हणजे ‘तिसरा अर्धा’ यावरून, तर दीड हा ‘दुसरा अर्धा’ या कल्पनेवरून आला आहे. पुढच्या पूर्ण संख्येकडे पाहून मागचा अर्धा मोजण्याची ही रीत युरोपातही आढळते. जर्मन भाषेत दीडला ‘दुसरा अर्धा’ अशाच अर्थाचा शब्द आहे आणि डॅनिश भाषेतला पन्नासचा शब्द ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’, म्हणजे अडीच विसा, असा घडलेला आहे. साडे, सव्वा आणि पाऊण या शब्दांची घडण मात्र वेगळी आणि अधिक सरळ आहे : सार्ध म्हणजे अर्ध्यासह, सपाद म्हणजे पावासह आणि पादोन म्हणजे पाव कमी.

जुन्या मराठीत औट हा केवळ हिशेबातला शब्द नव्हता. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात साडेतीन वेटोळी घालून निजलेल्या कुंडलिनीचे वर्णन ‘औट वळणी’ असे आले आहे. ॐकाराच्या अ, उ, म या तीन मात्रा व वरची अर्धमात्रा मिळून ‘औट मात्रा’ होतात, आणि माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात भरतो म्हणून त्याला ‘औट हात’ म्हणत. ‘औट घटकेचे राज्य’ हा वाक्प्रचार तर अजून वर्तमानपत्रांत भेटतो. अहोरात्रीच्या साठ घटका धरल्या, तर एक घटका २४ मिनिटांची होते. तेव्हा हे राज्य नेमके ८४ मिनिटांचे ठरते. अल्पजीवी सत्तेला उद्देशून तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा गुणाकार करून पाहिला असेल.

या पाढ्यांची गरज व्यवहारातून निर्माण झाली होती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, पायलीचे ४ शेर. शेराखाली धान्य मोजायचे मापटे अर्ध्या शेराचे आणि चिपटे त्याच्याही अर्ध्याचे. सगळी रचना अर्धे आणि पाव करत उतरत जाणारी असल्याने दशांशाचा तेथे उपयोग नव्हता. साडेतीन आणे शेराने १८ शेर धान्य घेतले, तर औटकी पाठ असलेला दुकानदार अठरा औट त्रेसष्ट म्हणून मोकळा होई आणि त्रेसष्ट आण्यांचे ३ रुपये १५ आणे लगोलग सांगे.

लिहिण्याची पद्धतही याला साजेशी होती. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे ३। हे सव्वातीन, ३॥ हे साडेतीन आणि ३॥। हे पावणेचार होत. जुन्या मोडी कागदांतल्या रकमा वाचताना या रेघा विरामचिन्हे समजून सोडून दिल्या, तर हिशेब हमखास चुकतो. अपूर्णांकांच्या अशा खुणांना २००९ साली यूनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि १९५६ च्या कायद्यानुसार शेर-मणांची जागा टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमने घेतली. आणेच उरले नाहीत, तेव्हा औटकीचे कामही संपले. शब्द मात्र पाढ्यांइतक्या सहजासहजी गेले नाहीत. पंचाहत्तरला पाऊणशे आणि सव्वाशे, दीडशे, अडीचशे हे आकडे आजही तसेच म्हटले जातात. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाने होतो. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो.

औटाची जागा साडेतीनने इतकी पूर्ण घेतली आहे, की साडेतीन मुहूर्त, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर व अर्धे वणीचे सप्तशृंगी अशी साडेतीन शक्तिपीठे आणि नाना फडणवीस अर्धे धरून मोजलेले पेशवाईतले साडेतीन शहाणे, या प्रसिद्ध गणनांपैकी एकीतही औट ऐकू येत नाही. दीड आणि अडीच मात्र टिकून राहिल्यामुळे ‘साडे’ची मोजणी तीनपासून सुरू होते. मराठी नव्याने बोलू लागलेली मुले साडेएक, साडेदोन म्हणतात आणि मोठी माणसे त्यांना हसून दुरुस्त करतात. औट चालू राहिला असता, तर साडेतीनलाही तीच दुरुस्ती मिळाली असती.