आयोडीनचे थेंब आणि थायरॉईडची गोळी

माझ्या मावशीच्या फडताळात दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकीत थायरॉक्सिनच्या ५० मायक्रोग्रॅमच्या बारीक पांढऱ्या गोळ्या, दुसरीत लुगोल आयोडीनचं तपकिरी द्रावण. "दोन्ही थायरॉईडचंच ना? मग गोळीपेक्षा हे नैसर्गिक बरं," म्हणत तिने गोळी बंद केली आणि थेंब सुरू केले. दोन महिन्यांत चेहरा सुजला, टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारं हार्मोन) चढला.

आयोडीन म्हणजे पीठ, थायरॉक्सिन म्हणजे तयार भाकरी. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन घेऊन हार्मोन बनवते. पीठच नसेल तर भाकरी होत नाही. आयोडीनअभावी गलगंड होतो तो असा. त्यासाठीच १९६२ साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं. घरी पोचलेल्या मिठात ते किमान १५ पीपीएम असावं लागतं, म्हणजे ग्रॅमभर मिठात १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गरोदरपणी २५०. मिठाच्या जोडीला दूध, अंडी, मासळी असतेच. (सैंधवाची गोष्ट वेगळी. उपवासापुरतं ठीक, पण बारा महिने तेच वापरत असाल तर पाकिटावर आयोडीन आहे का ते वाचा.)

मावशीला मात्र हाशिमोटो आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. पीठ डब्यात भरपूर आहे, भाकरी थापणारा हातच दुखावलाय. तिथे आणखी पीठ ओतून काय होणार?

उलट नुकसानच होतं. आयोडीन एकदम जास्त झालं की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, पण हाशिमोटोतल्या ग्रंथीला बऱ्याचदा ते जमत नाही. आणि लुगोलच्या ५ टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं, रोजच्या गरजेच्या चाळीसपट! समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतही ते किती आहे याचा नेम नसतो. म्हणून थायरॉईड मंद आहे असं कळल्यावर स्वतःहून आयोडीन घेऊ नका, आधी अँटी-टीपीओ, म्हणजे हाशिमोटोची खूण शोधणाऱ्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

मावशीची गोळी आता पहाटे दुधाच्या पिशव्या आत घेताना नुसत्या पाण्याबरोबर होते, चहा तासाभराने. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाशी, कारण दोन्हींत चार तासांचं अंतर नसेल तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.