शाळेच्या जेवणात विशेष आहार हवाय? अर्ज नेमका कुठे अडकतो

अर्जाचा नमुना प्रत्येक शाळेचा वेगळा असला तरी काम साधं आहे. मुलाची माहिती भरायची, डॉक्टरांचं पत्र जोडायचं आणि पोच घ्यायची. ती पोच जपून ठेवा.

अर्ज परत येतो तो डॉक्टरांच्या पत्रामुळे. ‘मुलाला दूध चालत नाही’ एवढ्या ओळीवर स्वयंपाकघराने काय करायचं? लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचत नसेल तर लॅक्टोजमुक्त दूध चालतं. पण दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर तेच दूध जिवावर बेतू शकतं, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात. म्हणून पत्रात निदान, वर्ज्य घटक, त्याऐवजी काय द्यायचं आणि चुकून पोटात गेल्यास काय होतं, हे सगळं स्पष्ट हवं. दवाखान्यातून निघण्याआधी तिथेच वाचून बघा.

सीलिअ‍ॅकच्या बाबतीत पालक हमखास फसतात. या आजारात गहू-जवासारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं. गहू बंद केल्यावर मुलाला बरं वाटतं, मग प्रमाणपत्रासाठी तपासणी करायला जातात आणि टीटीजीचा अहवाल नॉर्मल येतो. ही रक्ततपासणी ग्लूटेन खाण्यात असतानाच भरवशाची असते. नंतर निदानासाठी त्याच पोराला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. कृपा करून आधी तपासणी करा, मग पथ्य. आणि अर्जात ‘वेगळी भांडी, वेगळं तेल’ हे मुद्दाम लिहा. ग्लूटेनमुक्त अन्नासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. एकच डाव दोन्ही पातेल्यांत फिरला तर ती कशी पाळणार?

वेगवेगळ्या पदार्थांसाठी केलेल्या आयजीजी या प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीचे लांबलचक अहवाल जोडू नका. अहवालातला पदार्थ मुलाच्या खाण्यात आला आहे, एवढंच त्यातून कळतं. अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही.

टाइप 1 मधुमेहाच्या मुलांचे अर्ज वेगळ्याच कारणाने रखडतात. नमुन्यात फक्त ‘वर्ज्य पदार्थ’ असा रकाना असतो आणि या मुलांना सहसा काही वर्ज्य नसतंच. इन्सुलिनचा डोस ठरवायला त्यांना प्रत्येक पदार्थातल्या कर्बोदकांचं प्रमाण कळायला हवं. रकाना नसेल तर वेगळ्या कागदावर ही मागणी लिहून जोडा.

धार्मिक कारणाने किंवा आवडीने काही टाळत असाल तर तसंच सांगा, त्याला अ‍ॅलर्जी म्हणू नका. अशा खोट्या नोंदींमुळे खऱ्या अ‍ॅलर्जीकडेही संशयाने पाहिलं जातं.

मुदतीचं म्हणाल तर शाळा सुरू व्हायची वाट पाहू नका, तोवर सामानाची मागणी गेलेली असते. दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांमध्ये वयानुसार जाते, त्यामुळे ताजं पत्र मागणं रास्त आहे. पण सीलिअ‍ॅक आजन्म राहतो. त्यासाठीही दरवर्षी नवं प्रमाणपत्र मागणं हा पालकांचा निव्वळ छळ आहे. डॉक्टरांकडून ‘आजन्म’ हा शब्द लिहून घ्या, म्हणजे भांडायला आधार मिळतो.

तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन शाळेत ठेवायचं असेल, तर आहाराच्या अर्जात ते आपोआप येईल असं धरू नका. संमतीपत्र वेगळं लागतं का ते विचारा आणि इंजेक्शनवरची तारीख तपासा. मंजुरी आल्यावर प्रत्यक्ष वाढणाऱ्या व्यक्तीला भेटा. कार्यालयातला कागद तिच्यापर्यंत पोहोचलाय असं गृहीत धरू नका.