क्रिस्टी रिंग : स्मृती आणि स्मारके

क्रिस्टी रिंग (३० ऑक्टोबर १९२० – २ मार्च १९७९) हे आयर्लंडच्या कॉर्क काउंटीचे हर्लिंगपटू. हर्लिंग हा अ‍ॅश लाकडाच्या, टोकाला चपट्या काठीने (हर्ली) आणि कातडी चेंडूने (स्लिटर) खेळला जाणारा अतिशय वेगवान मैदानी खेळ असून प्रत्येक संघात १५ जण असतात. त्यातला सर्वश्रेष्ठ कोण, असे विचारले की जुने जाणकार बहुधा रिंग यांचेच नाव घेतात. आकडेही तेच सांगतात. १९४१ ते १९५४ या काळात त्यांनी ८ अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी तीन (१९४६, १९५३, १९५४) कर्णधार म्हणून. मन्स्टर प्रांताकडून त्यांना रेल्वे कप या आंतरप्रांतीय स्पर्धेची १८ पदके मिळाली.

या खेळात पगार नव्हता आणि आजही नाही. रिंग पोटासाठी तेलाचा टँकर चालवत. क्लॉइन या छोट्या गावात वाढलेला हा माणूस पुढे कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्स क्लबकडून खेळला, पण त्याचे दफन क्लॉइनमध्येच झाले. आयर्लंडमध्ये खेळाडू आधी गावाचा, मग काउंटीचा. रिंग यांच्या आठवणींतला जिव्हाळा तिथून येतो.

सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग मात्र पराभवाचा आहे. १९५६ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात रिंग आपल्या नवव्या विजेतेपदासाठी खेळत होते. सामना संपत आला असताना त्यांचा फटका प्रतिस्पर्धी वेक्सफर्ड काउंटीचा गोलरक्षक आर्ट फोली याने अडवला आणि वेक्सफर्ड जिंकले. सामना संपताच वेक्सफर्डच्याच बॉबी रॅकर्ड आणि निक ओ'डॉनेल यांनी रिंग यांना खांद्यावर उचलून घेतले. जिंकणाऱ्यांनी हरलेल्याची मिरवणूक काढावी, यापेक्षा मोठा मान कोणत्या पदकात असेल?

वयाच्या ५८ व्या वर्षी कॉर्क शहरात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला अलोट गर्दी लोटली. कबरीजवळचे भाषण केले ते जॅक लिंच यांनी. ते तेव्हा देशाचे पंतप्रधान होते, पण त्या दिवशी बोलत होता ग्लेन रोव्हर्समधला आणि कॉर्क संघातला जुना सोबती. हर्लिंग खेळले जाईल तोवर रिंगची गोष्ट सांगितली जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तसेच घडले. क्लॉइनमध्ये आणि कॉर्क विमानतळावर त्यांचे पुतळे आहेत. शहरातला ली नदीवरचा एक पूल त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या मैदानाचे 'पॉर्क ई रिन' हे आयरिश नाव म्हणजे 'रिंगचे मैदान'. २००५ पासून भरणारी क्रिस्टी रिंग चषक स्पर्धा अव्वल श्रेणीतल्या काउंट्यांसाठी नाही. जिथे हर्लिंगची मुळे अजून धरायची आहेत, त्या संघांसाठी आहे. २०१२ मध्ये हा चषक लंडनच्या संघाने जिंकला.